चोसाहेबांचं तीन पानी पत्र

...नाही, मला सांगा, माणसाला एखादी गोष्ट वाचता येते पण कळत नाही, ह्यात हसण्यासारखं काय आहे? अख्खं यशवंतपूर हसतंय मला! कॅन्टीनवाला अण्णासुद्धा! 'हणमंतराव, कोरियन पेपर ओदतीरा?' म्हणजे कोरियन पेपर वाचता का म्हणे! वाचतो की! वाचता येतं, कळत नाही, एवढंच!

तर तुम्हाला सांगतो, शहाण्णव साली आमच्या कारखान्यात कोरियाहून एक मशीन आलं, हत्तीएवढं, आणि ते बसवायला चोसाहेब आले, बारकेसे... पण हात सोन्याचे! मशीनवर सगळी बटणं कोरियनमध्ये. चौकोन, गोल, काड्या! मग आमच्या कॉम्प्युटर खात्यातल्या सुहासनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोरियन अक्षरं घाला, इंग्रजी अक्षरं बाहेर, इंग्रजी घाला, कोरियन बाहेर. मोठे साहेब खूश, 'व्वा, भाषांतर!' अहो, कसलं भाषांतर? नुसतं अक्षर बदलतं! बटणावर 'चोंगजी' लिहिलंय हे वाचता आलं, पण चोंगजी म्हणजे थांब, हे कळेपर्यंत दोन पट्टे तुटले!

मी फोरमन, तेव्हा चोसाहेब दिवसभर माझ्या गळ्यात. चार दिवस 'यू गुड? आय गुड' झालं आणि दोघांचंही इंग्रजी संपलं. पाचव्या दिवशी डबा खाताना मी सरळ मराठीत सुरू झालो. वसुमती, म्हणजे आमची ही, जाऊन तेव्हा वर्ष झालेलं. मुलगी नागपूरला. ह्या कानडी गावात मनातलं मराठीत बोलायचं ते घरातच, आणि घरात कोण होतं? तर बोलून गेलो... की शेवटी शेवटी ती नुसता ताकभात मागायची, आणि मी त्यात मीठ घालायला विसरायचो, आणि ती न बोलता खायची. कुणाला सांगितलं नव्हतं हो हे! चोसाहेब जेवायचे थांबले. मान हलवली. आणि मग स्वतः सुरू झाले, कोरियनमध्ये, अर्धा तास! मला काय कळलं? काही नाही! पण मीही मान हलवली. असे पाच महिने, रोज.

मग मशीन नीट चालायला लागलं आणि चोसाहेब गेले. नीट चाललं हेच वाईट झालं.

वर्षभरानं सुट्या भागांच्या पेटीतून एक फ्लॉपी आली, वर इंग्रजीत 'हान्मान'. म्हणजे मीच! सुहासनं प्रोग्रॅममधून काढून दिलं... तीन पानी पत्र! बसमध्ये वाचलं, अंघोळ करून वाचलं, भाजी निवडताना वाचलं, मोठ्यानं! आवाज माझा, पण चाल हुबेहूब चोसाहेबांची! शेजारच्या गौरीअक्का खिडकीतून कानडीत, 'हणमंतराव, बरं आहे ना? मंत्र कसले म्हणताय?' काय सांगू त्यांना? वाचता येतं, कळत नाही!

शेवटी पत्ता लागला, गावाच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला एका घरी कोरियाची मुलगी राहते, कॉलेजात शिकते. रविवारी तडक गेलो. घरमालकीण दारात, 'यारु बेकु?' कोण पाहिजे म्हणे. म्हटलं, कोरिया! 'स्वल्प ताळी,' थांबा जरा. मुलगी आली, इंग्रजी अक्षरं बघून कपाळाला आठ्या. 'यू रीड, अंकल.' मी वाचलं. पहिल्या पानावर खुदकन हसली. दुसऱ्यावर हसायची थांबली. तिसऱ्यावर डोळे पुसायला लागली आणि मी आपला ठणठणीत आवाजात पुढे चाललोय! मला कळतंय कुठे?

मग तिनं सावकाश इंग्रजीत सांगितलं. 'ते लिहितात, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्हाला कळत नव्हतं म्हणून सांगता आलं. इथे सगळ्यांना माझी भाषा कळते, म्हणून मी गप्प असतो.' आणि शेवटची ओळ, 'पोगो सिप्सुम्निदा.' म्हटलं, म्हणजे? म्हणाली, आठवण येते... पण शब्द असा, की बघावंसं वाटतं.

बघावंसं वाटतं! आणि ती ओळ मी महिनाभर मेथी निवडत म्हणत होतो हो!

पोरगी गुणाची. 'इंग्रजीत सांगा, मी उत्तर लिहून देते.' मी तोंड उघडलं, तर बाहेर काय आलं? 'आय ॲम फाइन. मशीन इज ऑल्सो फाइन.' छे!

सोमवारी सुहासला गाठलं. म्हटलं, मी मराठीत सांगतो, तू इंग्रजी अक्षरांत बडव आणि कर त्याचं कोरियन. 'काका, त्यांना वाचता येईल, कळणार नाही!' म्हटलं, पाच महिने कुठे कळत होतं? सगळं सांगितलं. ताकभातसुद्धा. मध्येच सुहास अडला. 'काका, ह्यांच्यात व नाहीये. बसुमती होतंय.' म्हटलं, होऊ दे... ती असती तर हसली असती.

माझी फ्लॉपी कोरियाला जाऊन आठ महिने झाले. उत्तर नाही. वाचत असतील बिचारे, मोठ्यानं. मग न राहवून निघतील एक दिवस, मराठी माणूस शोधायला. आणि समजा, एवढ्या लांब सापडलाच एखादा, तरी पुढे काय होणार हे मला इथे बसून माहीत आहे! तो दोन ओळी ऐकेल, हात वर करून थांबवेल, आणि म्हणेल, 'ते राहू द्या हो... हे हणमंतराव मूळचे कुठले?'