फोल्डरची मालकीण

तंत्रज्ञ : मी चहाला गेलो तेवढ्यात या फोल्डरच्या परवानग्यांना हात कुणी लावला, मॅडम?

थोरली जाऊ : कोण लावतंय? तुमचं मशीनच लहरी आहे.

तंत्रज्ञ : लहरी मशीन 'सगळे' या नावापुढे 'मनाई'ची खूण करत नाही. आता नव्या सर्व्हरलाच फोल्डरात शिरता येईना. दोन्ही दुकानांच्या फोनवरचे निरोप तिथेच साठणार, आणि फोनची जुनी लाइन दुपारी बंद होतेय.

थोरली जाऊ : बरं, केली मी. आमची धाकटी जाऊ उद्यापासून नदीपलीकडच्या दुकानात बसणार. इकडच्या गिऱ्हाइकांचे निरोप तिने कशाला उपसायचे? चष्म्याचं एकेक गिऱ्हाईक मी जोडलंय. उद्या ती सगळी घेऊन वेगळी झाली, तर मी काय माश्या मारत बसू?

तंत्रज्ञ : पण 'सगळे' म्हटल्यावर त्यात तुम्हीही आलात.

थोरली जाऊ : मला वेगळी परवानगी दिली होतीत ना?

तंत्रज्ञ : मनाईपुढे त्या परवानगीचं काही चालत नाही.

थोरली जाऊ : मग काढा ती खूण. माझं डोकं नका खाऊ.

तंत्रज्ञ : मला अधिकार नाही. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या नकोत, हे तुमचंच म्हणणं. आता ज्याने फोल्डर बनवला, तोच मालक म्हणून ती काढू शकेल.

थोरली जाऊ : कुणी बनवलाय?

(धाकटी जाऊ दारातून आत येते.)

धाकटी जाऊ : मी, ताई. सकाळी तुम्हीच म्हणालात, असली किचकट कामं तू कर.

थोरली जाऊ : कधीपासून उभी आहेस?

धाकटी जाऊ : माश्यांपासून.

थोरली जाऊ : मग ऐकलंसच सगळं.

धाकटी जाऊ : हो. जरा सरकता? खुर्ची हवीय... काढली खूण.

तंत्रज्ञ : सर्व्हर आत आला. आता दोघींची नावं वेगवेगळी घाला. कुणाला किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

धाकटी जाऊ : ताईंना सगळं. माझ्यापुढे इकडचं नुसतं वाचायचं ठेवू, ताई? की तेही नको?

थोरली जाऊ : मला काय विचारतेस? मालकीण तू.

धाकटी जाऊ : गिऱ्हाइकं तुमची आहेत. म्हणून विचारते.

थोरली जाऊ : ...लिहायचंही ठेव. निरोप वाचून गप्प बसलीस, तर शिव्या मलाच पडतील.

धाकटी जाऊ : आणि खोडायचं?

थोरली जाऊ : ते आज नको, राहू दे.