मामंजींपाशी कोण बसणार?

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढे जाऊ. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा म्हणजे देवाची पूजा — बरोबर? हो म्हणताय! छान! मग ती पूजा करणारीच देवघरात कोसळली, तर पाप कोणाचं? सांगा की हो!

नदीपलीकडच्या गावात हौसा नावाची सून होती. सासरे रावजीबुवा. अंगावरून वारं गेलेलं, जागचे हलत नसत. त्यांना उचलायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, घास भरवायचा — सगळं हौसाच! आणि नवरा निवृत्ती? अहो, तो गावकीच्या कामात! साऱ्या गावाचं बघायचा, घरचं तेवढं राहून जायचं!

एक दिवस हौसाच्या हाताला छातीत गाठ लागली. घाबरली बिचारी. नवऱ्याला म्हणाली, "अहो, दवाखान्यात जाऊन येते. तासभर बसाल का मामंजींपाशी?"

"आज मीटिंग आहे. उद्या बघू."

शेजारच्या गंगूकाकूंकडे गेली. "काकू, तुम्ही तरी बसता का हो जरा?"

"अगं बाई, मला नाही बघवत ते! ते तूच करू जाणेस. देवी आहेस हो, देवी!"

देवी! फार सोयीचा शब्द, मंडळी! देवीची पाठ दुखत नाही. देवीला डॉक्टर लागत नाही. हात जोडले, की आपण मोकळे!

पावसाळा गेला, थंडी गेली. गाठ वाढत राहिली. आणि उत्सवात गावानं ठरवलं — हौसाचा सत्कार करायचा! आदर्श सून! मंडप, शाल, श्रीफळ! मग तेवढा वेळ मामंजींपाशी कोण बसणार? तर नणंद आली! गंगूकाकू आल्या! काकूंची जाऊसुद्धा आली! बघा, कशी माणसं मिळतात!

माईकवर नाव पुकारलं — खुर्ची रिकामी! पुन्हा पुकारलं — रिकामीच! सरपंच संतापले. निवृत्तीला तोंड लपवायला जागा मिळेना.

हौसा कुठे होती? नव्या लुगड्यातच स्टँडजवळच्या दवाखान्यात! डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "ताई, इतके दिवस का थांबलात हो?"

"मामंजींपाशी कोण बसणार होतं, बाई?"

गाव म्हणालं, "मान दिला, तर मिजास बघा!" शाल घरी पाठवून दिली. हौसानं ती मामंजींच्या पायांवर घातली, ते गार पडतात म्हणून.

पुढचा उत्सव तिनं पाहिला नाही. निवृत्तीनं तीच शाल काढली आणि तिच्या देहावर पांघरली. रावजीबुवा खाटेवरून बघत होते. जीभ जड, तरी बोलले, "पोरीला... एकदा तरी... बस म्हणायला हवं होतं मी."

अहो, त्या लुळ्या माणसाला कळलं! धडधाकटांचं काय?

टाळ्या नकोत! पेटीवाले, थांबा. मंडळी, तुम्ही इथे पुण्य जोडायला आलात. तुमच्या घरी म्हातारं माणूस आहे ना? मग आत्ता त्याच्यापाशी कोण बसलंय? घरची बाईच ना? तिला नव्हतं का यायचं कीर्तनाला? सकाळी ती म्हणाली ना, बरं वाटत नाही म्हणून? काय उत्तर दिलंत तिला?

आरती मी आणि पेटीवाले करून घेतो. तुम्ही घरी जा. तिला म्हणा, "तू जा. मी बसतो."

अजून बसलात? उठा!