सुखदासाठी आईचा हात

उमाकांत : नाही अक्का, मूठ आवळू नका. हात बाजूला, खांद्याच्या रेषेत सरळ. दुसऱ्या हाताने पोरीचा हात धरा. सरी, बरोबर. आता मी मनगटावर दोन बोटं ठेवून स्वल्प दाबतो. तुम्ही हात खाली जाऊ द्यायचा नाही.

सुनंदा : जोर लावू का?

उमाकांत : कुस्ती नाही करायची. नुसता धरून ठेवा. आधी खरं-खोटं बघू. म्हणा, माझं नाव सुनंदा.

सुनंदा : माझं नाव सुनंदा.

उमाकांत : राहिला. आता म्हणा, माझं नाव प्रतिमा.

सुनंदा : माझं नाव प्रतिमा. अगबाई, गेला की खाली.

पद्मनाभ : तू नेलास.

सुनंदा : अहो, मी काही केलं नाही. खरंच.

पद्मनाभ : अण्णा, एक विचारू? आजारी आमची मुलगी आहे. मग हात हिच्या आईचा कशाला?

उमाकांत : सहा वर्षांच्या पोरीला हात धरून ठेव म्हटलं तर तिला खेळ वाटतो, साहेब. म्हणून मूल आईला धरतं आणि आईचा हात त्याच्यासाठी बोलतो. मला या पद्धतीच्या शिबिरात असंच शिकवलं. बँकेतून रिटायर झालो, तेव्हापासून या खोलीत हेच करतो. पार यशवंतपूरहून लोक बस बदलून जे. पी. नगरला येतात.

पद्मनाभ : आमच्या फॅक्टरीत जो माल तपासायचा, तोच काट्यावर ठेवतात. त्याच्या आईला नाही ठेवत.

सुनंदा : तुम्ही गप्प बसाल का जरा? येताना कबूल केलं होतं तुम्ही.

उमाकांत : असू दे. आता एकेक बाटली मुलीच्या मांडीवर ठेवतो. जे तिला सोसत नाही, त्याला हात खाली जातो. हे गहू. राहिला. हे दूध. स्वल्प सैल झाला, बघा.

सुनंदा : दूध-गव्हाचं राहू दे, अण्णा. गोळीचं बघा आधी. मी पर्समधून आणलीय बाटली.

उमाकांत : क्रमाने गेलं तर बरं असतं.

सुनंदा : क्रम नको मला. मी त्याच्यासाठीच आलेय.

उमाकांत : सरी, ठेवा. हात वर. धरा.

सुनंदा : गेला. बघितलंत ना? पार खाली गेला. मी म्हणत नव्हते? ही गोळीच तिला खातेय.

पद्मनाभ : सुनंदा, त्या गोळीमुळे वर्षभर फिट आलेली नाही.

सुनंदा : आणि वर्षभर सुखदा तरी कुठे आहे? दारात दूधवाला आला की त्याच्याशी कन्नडात बडबडायची, मग आत येऊन आपल्याला शिकवायची. आता तो हाक मारतो तर नुसती बघते. शाळेत बाकावर झोपते. क पासून सुरू करते आणि घ ला थांबून माझ्या तोंडाकडे बघते, अण्णा. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. कोणाला होईल सवय? तिला का मला?

उमाकांत : अक्का, हात म्हणतो गोळी तिला जड जाते. पण बंद करा असं मी म्हणणार नाही. त्यासाठी डॉक्टर.

सुनंदा : मग माझा हात कशाला धरलात? कालपासून दिलेली नाही, काय झालंय तिला? चांगली बसलीय.

पद्मनाभ : काय दिलेलं नाही?

सुनंदा : गोळी. कालची रात्रीची आणि आज सकाळची.

पद्मनाभ : तू गोळी बंद केलीस?

सुनंदा : बंद नाही केली. अण्णांनी फोनवर सांगितलं, उपाशीपोटी या, चहा-कॉफी नको. मला वाटलं, गोळी पोटात असताना विचारलं तर गोळीच उत्तर देईल. म्हटलं, सुखदाला बोलू दे.

उमाकांत : अय्यो अक्का, ते तुमच्यासाठी होतं. ज्याचा हात धरायचा, त्याच्यासाठी. पोरीचं औषध थांबवा असं मी कुणालाच सांगत नाही. आधी द्या तिला ती गोळी. मी पाणी आणतो.

सुनंदा : देते. पण एकदा परत बघा. एकदाच. परत खाली गेला तर माझी खात्री होईल.

उमाकांत : नाही. आता मी दाबणार नाही.

पद्मनाभ : सुनंदा, मागच्या खेपेला मोरीच्या दारात पडली होती, आठवतंय? ओठ निळे झाले होते. तू तिला घेऊन अनवाणी रस्त्यावर धावलीस, आणि ऑटोवाला बसवून घेईना. त्याला वाटलं, पोर गेली.

सुनंदा : माझ्या कडेवर होती ती. मला आठवण करून देऊ नका. तुम्ही दाबा.

पद्मनाभ : मी?

सुनंदा : तुमचा विश्वास नाही ना? म्हणजे तुम्ही लबाडी करणार नाही. दाबा. पाया पडते तुमच्या.

(सुनंदा पुन्हा हात बाजूला पसरते. पद्मनाभ तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवतो.)

सुनंदा : गेला. बघा, तुमच्याही हातून गेला.

पद्मनाभ : मी दाबलेलंच नाही अजून.

सुनंदा : दाबलंत. मला कळलं.

पद्मनाभ : नुसती बोटं ठेवली होती. हे बघ, आता तीही उचलली. वर घे हात. कोणीही तुला धरलेलं नाही. तरी खाली चाललाय.

उमाकांत : अक्का, काल झोप झाली का?

सुनंदा : झोपेन कशी? गोळी दिली नव्हती ना. रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. श्वास चाललाय का बघत.

पद्मनाभ : आणि मी शेजारी घोरत होतो. उठवायचं होतंस मला.

सुनंदा : तुम्ही लगेच दिली असती. मला भीती वाटत होती हो. गोळी द्यायची पण वाटते आणि न द्यायची पण. मला फक्त कोणीतरी बंद कर म्हणायला हवं होतं. मी एकटीने म्हटलं आणि तिला काही झालं, तर मी कुठे जाऊ?

उमाकांत : मग ते माझ्या बोटांवर टाकू नका, अक्का. मला नाही पेलणार.

सुनंदा : आज सकाळी खिडकीत मैना आली होती. सुखदा आपणहून उठली आणि तिला हाका मारत सुटली. कन्नडात. कितीतरी महिन्यांनी.

पद्मनाभ : ऐकलं मी. दाढी करत होतो. हातातला वस्तरा थांबला माझा. मला वाटलं, गोळी लागू पडली.

सुनंदा : आता दिली की ती परत जाईल.

पद्मनाभ : आपण इथूनच दवाखान्यात जाऊ. डोस कमी होतो का, दुसरी एखादी गोळी असते का, विचारू. उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. जे मला सांगतेस ते सगळं तू डॉक्टरांना सांग. मी मध्ये बोलणार नाही. गप्प बसायला सांगतात ते डॉक्टर, पण या वेळी नाही बसायचं. पण आत्ता ही द्यायला हवी, सुनंदा. तुलाही कळतंय.

उमाकांत : हे पाणी. राहिल्या म्हणून दोन देऊ नका हां. एकच द्या, बाकी डॉक्टरांना विचारून.

सुनंदा : थांबा. सुखदा, बाळा, सकाळची मैना काय म्हणाली गं? सांग ना मला. आत्ताच सांग. अहो, थांबा, बोलतेय ती. बोलू दे तिला.

पद्मनाभ : बोलू दे. मी पण ऐकतोय.

सुनंदा : हो? आणि मग तू काय म्हणालीस? ... असं म्हणालीस? ... शहाणी गं माझी बाई. आता तोंड उघड हं. मोठ्ठा आ कर. अहो, झाकण तुम्ही काढा. माझ्या हातात जोर नाही.