मिड लागला की कळेल

नाही नाही, बॉक्स तयारच आहे, आत्मारामभाऊ — पण उचलू नका एवढ्यात, टेस्टिंग राहिलंय. बसा. इंद्रलोक सोसायटीच्या तुमच्या मंडळाला सांगा, दशरथ साउंडचं काम अर्धवट जात नाही, हे असोत नसोत. — आता नाहीतच म्हणा. तेराव्याला आला होतात ना तुम्ही? आला असाल. कोण आलं, कोण गेलं, मला काही आठवत नाही. बाजूची चंपाबेन रोज सांगते, "भाभी, रो लो, हलका लगेगा." अहो, रडू यायला तर हवं! सगळं बधिर झालंय — दाढ काढल्यावर गाल होतो ना, तसं.

तर हा तुमचा बॉक्स. नुसता बासचा — धडधड खूप, पण आरतीतला एक शब्द कळायचा नाही, हीच तक्रार ना? म्हणून ह्यांनी वर भोक पाडलं, मिड बसवायला. मिड म्हणजे माणसाच्या आवाजाचा स्पीकर. त्याला मागून डबा लावून बंद करावं लागतं, नाहीतर बासचा वारा त्याचा पडदा हलवतो — आणि त्यासाठी माझा डाळीचा डबा कापला! चांगला होता हो डबा. भांडले मी. डाळ अजून पिशवीतच आहे. तेवढ्यावरच राहिलं त्यांचं — पुढे मिड बसवून वायर मी जोडली. सोल्डरिंग पहिल्यापासून माझंच, त्यांचा हात थरथरायचा.

टेस्टिंगला कॅसेट नाही लावायचे हे. माइक माझ्या हातात द्यायचे, "शैला, बोल काहीही," आणि स्वतः त्या पॅसेजमध्ये उभे — शब्द न् शब्द कळला की हात वर. मी काय बोलणार? पण बोलायचे मी. तोंडावर बोललं की हे चिडायचे, ते सगळं माइकवर — तिथं ऐकून घ्यावंच लागायचं, कामच ते!

ह्या बॉक्सवरही मी बोलले होते. बास तेवढा वाजत होता. त्यांच्या छातीत दुखतंय ते — हो, माहीत होतं मला, झोपेतून उठून बसायचे. पॅसेजमधून हे नुसते हसले, म्हणाले, "नुसतं घुमतंय गं, मिड लागला की कळेल." खरंच कळलं नसेल? की कळून — जाऊ दे. दुसऱ्या दिवशी दुपारी इथंच, ह्या स्टुलावरून —

उठा, तिथं उभे राहा जरा, पॅसेजमध्ये. कळलं तर हात वर करा, तोंडानं काही बोलू नका. हं. हॅलो. — अहो. दुखणं अंगावर काढू नका. उद्या डॉक्टरकडे जाऊ या. दुकान राहू दे एक दिवस बंद.

कळलं? सगळं? — बरं. मग खाली करा हात. करा ना खाली, आत्मारामभाऊ. न्या तो बॉक्स. आडवा धरू नका, आतला डबा निसटेल — आणि जाताना दार ओढून घ्या.