ठचं बटण

बाई : सकाळपासून एकेक फाइल उघडून बघतेय. एकशे बारा झाल्या.

इंजिनिअर : एकूण किती आहेत?

बाई : एक लाख ऐंशी हजार. हॉस्पिटलातले सगळे जुने केसपेपर. एका पेशंटची एक फाइल. या रेकॉर्ड रूममध्ये बसून मीच टाईप केल्यात, एकोणीस वर्षं.

इंजिनिअर : आणि शोधायचं काय? डॉक्टर फोनवर घाईत होत्या.

बाई : खाली एक शिक्षिका आहे. दोन वाजता तिचं पोटाचं ऑपरेशन, पुढं ढकलता येण्यासारखं नाही. आणि आज तिची आई सांगते, माझा भाऊ याच हॉस्पिटलात भुलीनं गेला. अंग ताठलं, तव्यासारखं तापलं. ऐकून डॉक्टरांचा चेहराच उतरला. असलं रक्तातून खाली येतं म्हणे. कुठल्या औषधानं झालं ते कळलं, तर ते टाळता येईल.

इंजिनिअर : वर्ष कुठलं?

बाई : आईला आठवत नाही. आडनाव दिलंय, पण त्या आडनावाची इथं पलटण आहे.

इंजिनिअर : मग आडनाव शेवटी लावू. फायली उघडायच्याच नाहीत. ही काळी खिडकी दिसते ना, हिच्यात एक ओळ लिहायची. ग्रेप म्हणतात याला. 'भूल' असलेल्या फायली काढ, त्यांतून 'ताठ' असलेल्या, त्यांतून 'ताप' असलेल्या.

बाई : चाळणीखाली चाळणी.

इंजिनिअर : अगदी तसंच. झालं.

बाई : काय झालं?

इंजिनिअर : शोधून झालं.

बाई : सगळ्या वाचल्या?

इंजिनिअर : एकूण एक ओळ. सहा सेकंद लागले.

बाई : मला एकोणीस वर्षं लागली हो.

इंजिनिअर : चौदा फायली निघाल्यात. पण त्यांत त्या आडनावाचं कुणी नाही. निम्मे तर धनुर्वाताचे दिसतात.

बाई : म्हणजे त्याची फाइल नाहीच?

इंजिनिअर : तसं नाही. हा जसं सांगू तसंच शोधतो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं असेल, तर शेजारून निघून जाईल.

बाई : अक्षर... थांबा. ठ.

इंजिनिअर : ठचं काय?

बाई : सुरुवातीची दोन वर्षं माझ्या कीबोर्डचं ठचं बटण मोडलेलं होतं. नवा मागून मागून थकले. मग ट मारायचा आणि पुढं जायचं. दोन वर्षं इथं कुणाची पाठ दुखली नाही, पाटच दुखला. आणि सगळ्यात जुने कागद तेव्हाच केलेत मी.

इंजिनिअर : मग कंसात दोन्ही अक्षरं घालतो. ठ किंवा ट, काहीही चालेल. आता एन्टर तुम्ही दाबा.

बाई : मी? बरं. दाबलं.

इंजिनिअर : एकवीस. आता आडनाव लावतो. एक.

बाई : एकच?

इंजिनिअर : एकच.

बाई : तुम्ही वाचा. मला चष्मा पुसायला हवा.

इंजिनिअर : 'भूल देताच जबडा ताट. सर्वांग ताट. ताप एकशे सात.' वरच्या ओळीत औषधांची नावं आहेत, दोन. खाली मृत्यूची वेळ.

बाई : फोन द्या इकडे.

(दुपारी चारच्या सुमारास, त्याच खोलीत.)

इंजिनिअर : काय म्हणाल्या डॉक्टर?

बाई : दोन्ही औषधं बाजूला ठेवली, दुसऱ्यावर निभावलं. ती शुद्धीवर आलीय. ताप नाही. पाणी मागतेय.

इंजिनिअर : बरं झालं.

बाई : तिचा हा मामा मला आठवतसुद्धा नाही हो. माझ्याच बोटांखालून गेलाय. एवढं लिहिलेलं होतं त्याच्या कागदावर, आणि मी ट मारून पुढं गेले. वाटायचं, कोण वाचतंय हे.

इंजिनिअर : खिडकी बंद करू?

बाई : नको. जरा वेळ राहू दे त्याला तिथं.