जिन्यातल्या चाळीस मिनिटांबाबत

वरच्या रकान्यात माझं नाव लिहून घेतलं आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. सगळे ठकीची आई म्हणतात. वय बावीस वर्षं. शिक्षण पाचवीपर्यंत. काम, घरी बसून शिंप्याची काजं-बटणं करून देणं. राहायला टाकीमागच्या इमारतीत, पहिला मजला, जिन्याला लागून असलेली खोली. घरात मी आणि मुलगी ठकी, वय एक वर्ष सात महिने.

आज दुपारी बारा वाजता पोलीस ठाण्यात बोलावलं म्हणून आले. ठकीला ठेवायला कुणी नाही, म्हणून तिला बरोबर आणलं आहे. लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, घाबरू नका, तुम्ही बोलाल तसंच लिहिते. त्यावरून मी समक्ष सांगते की,

माझे पती नाटकांना लागणारे आवाज करून देतात. स्टेजवरची नाटकं नव्हे, मोबाईलवर ऐकायची. इथले साहेब त्याला श्रुतिका म्हणतात. त्यात काही दिसत नाही, म्हणून दार, पाऊल, वारा, आग सगळं आवाजानेच करावं लागतं. घरात सारखं काही ना काही वाजवून बघायचे, म्हणून कामावर सगळे त्यांना खुडबुडे म्हणतात. मीही कधी कधी म्हणायचे.

अशी नाटकं काढणाऱ्या दोन कंपन्या आहेत, त्यातल्या मोठ्या कंपनीत ते चार वर्षं होते. मोठ्या कंपनीने गेल्या वर्षी आभाळातून परके उतरतात त्या जुन्या गोष्टीचं नाटक करायला घेतलं. त्याच सुमाराला धाकट्या कंपनीनेही तीच गोष्ट घेतली. गोष्ट इतकी जुनी आहे की तिला आता मालक नाही, कुणीही करावी, असं साहेबांनी आज सांगितलं. तेव्हा ठकीचे बाबा हसून म्हणाले होते, "परके एकदा उतरले तरी पळता भुई थोडी होते, इथे तर दोनदा उतरणार."

त्या गोष्टीत आभाळातल्यांची उंच यंत्रं चालत येतात. तो आवाज माझ्या शिवणयंत्राचा आहे. रिकाम्या पिंपात मशीन अर्धं घालून त्याचं पायडल सावकाश दाबलं होतं. दोन दिवस माझं काम खोळंबलं. शिंप्याला काय सांगू, असं मी विचारलं, तर म्हणाले, सांग, मशीनवर परके बसलेत.

नायक बायकोमुलाला शोधत गावभर फिरतो. त्याला लहान मुलाचं रडणं हवं होतं. ठकी तेव्हा आठ महिन्यांची होती. आम्ही जुन्या खोलीत राहत होतो, तिथला जिना लाकडी होता. एके सकाळी मी नळावर गेले होते, परत आले तर ठकी पलंगावरून खाली पडलेली, जीव खाऊन रडत होती. हे तिच्याजवळ उकिडवे बसले होते आणि हातात आवाज टिपायचं मशीन धरलं होतं. मी तिला उचलायला धावले तर त्यांनी हात आडवा केला. मशीन चालू असताना ते बोलत नाहीत. घर पेटलं तरी बोलणार नाहीत, अशी त्यांची रीत आहे. मशीन बंद करून मग म्हणाले, "लागलेलं नाही, मी आधी पाहिलंय. असं रडणं परत मिळालं नसतं."

त्यावर मी बोलायला नको ते बोलले. ते शब्द साहेबांनी विचारले म्हणून सांगते. मी म्हणाले, "तुम्हाला मी आणि ठकी नको, आमचे आवाज तेवढे हवेत. तर ते घ्या आणि जा." ते गेले. डबा न घेता गेले. तो डबा मी संध्याकाळपर्यंत भरलेलाच ठेवला होता. या गोष्टीला अकरा महिने झाले.

त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद आहे. मी दोनदा मोठ्या कंपनीच्या दाराशी जाऊन आले. तिथे सांगितलं, तो इथे नाही. तीन महिन्यांनी मी सध्याच्या खोलीत राहायला आले. जुन्या खोलीच्या दारावर नवा पत्ता कापडावर खुणा करायच्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहून आले होते. घरमालकाने पुसला असेल म्हणून पुढच्या महिन्यात जाऊन पुन्हा लिहिला.

मोठ्या कंपनीचं नाटक आलं ते मी वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या मोबाईलवर ऐकलं. मावशींची जीभ जरा तिखट आहे. म्हणाल्या, "काय गं, तुझा नवरा त्या आभाळातल्यांनीच नेला की काय? विचार तरी त्यांना, परत कधी सोडणार." सहाव्या भागात एक माणूस पळत येतो आणि भिंतीशी टेकून धापा टाकतो. त्या धापा ठकीच्या बाबांच्या आहेत. नाव कुठे दिलेलं नाही, पण मला कळतं. तो भाग मी किती वेळा ऐकला असं साहेबांनी विचारलं. मावशींनी अकरा वेळा असं सांगितल्याचं साहेब म्हणाले. जास्त असेल. कशासाठी ऐकला, असंही विचारलं. ठकीच्या रडण्याचा भाग आला की मी मावशींना पुढे ढकलायला सांगते.

दीड महिन्यापूर्वी मोठ्या कंपनीची दोन माणसं घरी आली. तुझा नवरा आमचे आवाज चोरून धाकट्या कंपनीला देतोय, तो कुठे लपलाय ते सांग, असं म्हणाली. त्यांनी दार इतक्या जोरात वाजवलं की ठकी झोपेतून दचकून उठली. चार दिवसांनी तीच माणसं परत आली. तेव्हा मी दार उघडलं नाही. बराच वेळ लाथा मारून गेली. तेव्हापासून ठकी कुणी जिना चढलं की माझ्या मांडीत शिरते. खरं सांगायचं तर मीच घाबरते आणि तिला मांडीत ओढते.

धाकट्या कंपनीचं नाटक मी आजपर्यंत ऐकलेलं नव्हतं. मावशी म्हणाल्या होत्या, एकच गोष्ट दोनदा कोण ऐकणार.

आज साहेबांनी मला दोन्ही नाटकांतले तुकडे ऐकवले. दोन्हींकडे काम न करणारे एक आवाज जोडणारे गृहस्थ मशीन घेऊन बसले होते. मोठ्या कंपनीची तक्रार अशी की दोन्हींत जिन्यावरची तीच पावलं आणि तेच मूल आहे. साहेब म्हणाले, आपल्या पोराचा आवाज आई ओळखते, तुम्ही ऐका आणि खरं ते सांगा.

पहिला तुकडा मोठ्या कंपनीचा. त्यातलं रडणं ठकीचं, आठव्या महिन्यातलं. जिना लाकडी, जुन्या खोलीचा. हे मी ओळखलं.

दुसरा तुकडा धाकट्या कंपनीचा. त्यात नायक पायऱ्या चढून घराच्या दाराशी येतो. पायऱ्या दगडी आहेत. चौथी पायरी हलते, ती खट्‌ वाजते. तो माझ्या आताच्या खोलीचा जिना आहे. मग दार अगदी हळू वाजतं. आधी दोन, थांबून एक. मग आतून एक मूल "टक टक" म्हणतं आणि डब्यात बटणं खुळखुळतात. मग एक बाई विचारते, "कोण आहे? कोण आहे, बोला." बाहेरून कुणी बोलत नाही. मग काहीतरी जड जमिनीवरून ओढल्याचा आवाज येतो आणि बाई म्हणते, "निघून जा. घरात लहान मूल आहे. मी दार उघडणार नाही."

ती बाई मी आहे. मूल ठकी आहे. ओढलेलं शिवणयंत्र आहे, ते मी दाराला लावलं होतं. गोष्टीत ती बाई नायकाला आभाळातल्यांपैकी समजते आणि तो पायरीवर बसून राहतो, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. ठकीने आपला आवाज ओळखला नाही. तिने फक्त दाराच्या आवाजाला परत "टक टक" म्हटलं.

हा प्रसंग मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारचा आहे. मला वार आठवतो, कारण मंगळवारी मी शिंप्याकडे माल देऊन येते. येऊन शिवणयंत्रावर बसले होते. ठकी दाराशी बटणांचा डबा घेऊन खेळत होती. ती एकदम दाराकडे बघून "टक टक" म्हणू लागली. मला दार वाजलेलं ऐकू आलं नव्हतं. पण दाराखालच्या फटीत सावली दिसली. मला वाटलं, तीच दोन माणसं आली. मी ठकीला ओढून घेतलं आणि वर लिहिलं आहे तसं बोलले.

दार वाजलेलं ऐकू कसं आलं नाही, असं साहेबांनी दोनदा विचारलं. त्याचं असं आहे. आमच्या जिन्याखाली पाण्याचा पंप आहे. तो रोज चार ते पाच चालतो. तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. आणि मूल झोपलेलं असेल या विचाराने ठकीचे बाबा दार हाताने वाजवत नाहीत, नखाने वाजवतात. आधी दोन, थांबून एक. ते त्यांचंच वाजवणं आहे, दुसरं कुणी तसं वाजवत नाही. मी साहेबांना विचारलं, मग नाटकात पंप का नाही. तर ते गृहस्थ म्हणाले, एका सुरात चालणारा आवाज मशीनवर वेगळा काढून टाकता येतो. तो काढला की त्याच्याखालचे बारीक आवाज वर येतात.

साहेबांनी विचारल्यावरून पुढे सांगते की, दुसऱ्या तुकड्यातला कोणताही आवाज मोठ्या कंपनीचा नाही. ज्या दिवशी ते घरातून रडणं घेऊन गेले त्या दिवशी ठकी आठ महिन्यांची होती, तिला "टक टक" म्हणता येत नव्हतं. बटणांचा डबाही तेव्हा घरात नव्हता, काजं-बटणं मी नंतर घेतली, आधी नुसती शिलाई करायचे. दगडी जिना तर नंतरचाच. आणि माझा व ठकीचा आवाज घेऊन जा असं मीच त्यांना सांगितलं होतं, ते वर लिहिलं आहे. माझ्या पतीने चोरी केलेली नाही.

त्यावर साहेबांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आधी माहीत नव्हत्या. एक म्हणजे, ठकीच्या बाबांनी नोकरी सोडली ती ठकीच्या रडण्यावरून. आमचं भांडण झालं त्याच दुपारी ते मोठ्या कंपनीच्या मालकांकडे गेले आणि ते रडणं काढून टाका, दुसऱ्या कुणाचं घाला, असं म्हणाले. मालक म्हणाले, आवाज कंपनीचा झाला. तेव्हा ते उठून निघून गेले. मालकांनी स्वतःच्या जबाबात हे सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट, धाकटी कंपनी त्यांना तोंडओळखीनेसुद्धा ओळखत नाही. ते आवाज पाठवतात, समोर येत नाहीत. जिन्यातला तुकडा त्यांनी पाठवला तो चाळीस मिनिटांचा होता. बरोबर एक ओळ लिहिली होती, यातली दारामागची बाई बदलू नये.

मी ती चाळीस मिनिटं ऐकवायची विनंती केली. साहेब म्हणाले, त्यात काही नाही. मी परत विनंती केली. मग त्यांनी ऐकवलं, आणि ते गृहस्थ चहाला गेले. माझं बोलून झाल्यावर त्यात खरंच काही नाही. ठकी डबा वाजवते. मी तिला गप्प करते. मग ती हसते. मध्ये एकदा मी शिवणयंत्रावर थोडं काम करते, ते थांबतं, मग परत चालू होतं. बाहेर कुणीतरी श्वास घेत असतं. तो धापेचा नाही, बसलेल्या माणसाचा आहे. शेवटी चौथी पायरी खट्‌ वाजते आणि संपतं.

त्या मंगळवारी तेव्हा चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती, असं मशीनमध्ये दिसतं. पंप पाचला बंद होतो.

पंप बंद झाल्यावर मी शिवणयंत्र बाजूला करून दार उघडलं होतं. जिन्यात कुणी नव्हतं. ठकी पायरीपाशी जाऊन खाली बघत राहिली. तिला उचलून आत आणलं तर रडली. मला वाटलं, भूक लागली.

ते बोलले का नाहीत, असं साहेबांनी विचारलं. आवाजाचं मशीन चालू होतं म्हणून बोलले नाहीत की बोलवेना म्हणून, ते मला सांगता येत नाही. सध्या ते कुठे आहेत ते मला माहीत नाही. माहीत असतं तर मी इथे बसले नसते. आता रोज चार ते पाच मी शिवणयंत्र बंद ठेवून दार उघडं ठेवणार आहे, ते कुणाच्या परवानगीचं काम आहे का, असं मी साहेबांना विचारलं. नाही म्हणाले.

बाईंनी हे सगळं मला सावकाश वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे. त्यात एक ओळ राहिली होती, ती मी शेवटी घालायला लावली. हा जबाब माझ्या आवाजात घेता येईल का, असं मी विचारलं होतं. जबाब कागदावरच घेतात, असं साहेबांनी सांगितलं. तरी माझं म्हणणं असं की, ठकीचे बाबा तुम्हाला सापडले तर हा कागद त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवावा. सगळा वाचायला वेळ नसेल तर एवढंच सांगावं, की त्या दिवशी पंप चालू होता.

सही
ठकीची आई