लक्ष्मीकेशवाच्या पाळ्यांचा कागद

मंडळी, टाळ खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. विकत घेतलेली वस्तू थोर, की फुकट मिळालेली?

पुढे बसलेल्या बायका म्हणतात, विकतची. मागून पुरुष म्हणतात, फुकटची! वा! तुमच्या घरोघरची भांडणं मला इथे बसल्या बसल्या कळली. आणि ते खांबाला टेकलेले गृहस्थ, आपण कोणत्या पक्षाचे? झोपेच्या? सरळ बसा. हे आख्यान तुमच्यासाठीच आहे.

ऐका. कोकणात नारिंगवणे नावाचं गाव. गावात लक्ष्मीकेशवाचं देऊळ. चैत्रात उत्सव, आणि उत्सवात दहा घरांपैकी रोज एका घरचा नैवेद्य. पाळी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पण घर म्हटलं की जन्म आला, मृत्यू आला. सोयर असो वा सुतक, त्या घरचं ताट गाभाऱ्यात जात नाही. मग पाळी बदलायची. तीही परस्पर नाही हं! आधी देवळाच्या सचिवाला कळवायचं, मग सचिवाने दुसऱ्या घराला सांगायचं. या शिस्तीमुळे उत्सवातला नैवेद्य कधीही चुकला नव्हता. आणि तो आपल्या कारकिर्दीत चुकू नये, हाच एक घोर सचिव भार्गवराव प्रभुदेसाई यांच्या जिवाला लागलेला असे.

पूर्वी गुरव दारोदार जाऊन पाळी सांगत असे. आता दारं आहेत, माणसं कुठे आहेत? कोणी ठाण्यात, कोणी बंगळुरात. तेव्हा पाळ्यांचा कागद संगणकावर करून सर्वांना धाडावा, असं ठरलं. भार्गवरावांनी काय केलं? वर्षाची वर्गणी भरून ऑफिसचं भारी सॉफ्टवेअर घेतलं! कागद असा सजवला — चहूबाजूंनी आंब्याच्या पानांचं तोरण, मध्ये देव, खाली स्वतःचं नाव. जरा ठळक!

त्यांची थोरली बहीण कुमुदअक्का. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "भार्गवा, देखणा झालाय हो. पण तो बदलायचा कोणी?"

"मी!"

"आणि उघडायचा कोणी?"

"ज्याच्याकडे हे सॉफ्टवेअर आहे, त्याने."

"म्हणजे तूच! अरे, फुकटचं एक मिळतं. नुसता दुवा पाठवायचा. सगळ्यांपुढे एकच कागद; एकाने बदल केला की बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसतो. आमच्या महिला मंडळाचं सगळं त्याच्यावरच चालतं."

भार्गवराव ताठ झाले. "अक्का, देवाच्या कामाला फुकटची वस्तू? शोभतं का?"

"मग उद्यापासून अभिषेकाचं पाणी बाटलीतलं आण!"

हसता काय? भार्गवराव नाही हसले. कागद त्यांनी आपल्याच पद्धतीने धाडला. पुढे एका घरचा निरोप आला, कागद बदलला, पुन्हा धाडला. 'पाळ्या अंतिम.' मग 'पाळ्या अंतिम सुधारित.' मग 'पाळ्या हाच अंतिम समजावा'! आणि प्रत्येक वेळी प्रत्येक घरातून काय उत्तर यावं? फोनवरचे जोडलेले दोन हात! भार्गवराव कृतकृत्य. सर्वांनी नमस्कार केला, अर्थात सर्वांनी वाचलं!

मंडळी, खरं सांगा. तुम्ही वाचून हात जोडता, की हात जोडून सुटका करून घेता?

असो. सप्तमी उजाडली. दुपारची पूजा झाली. गुरव घंटेखाली उभा. भार्गवराव कद नेसून, सोवळ्यात, दाराकडे डोळे लावून. ताट येईना! ज्यांच्याकडून ते यायचं, त्या ओगल्यांच्या घरची मंडळी मात्र सभामंडपात, शालू नेसून, गजरे माळून, निवांत.

"ओगलेवहिनी, ताट कुठे आहे?"

"आम्हाला काय विचारता? आज सरपोतदारांची पाळी ना?"

बाहेर दीपमाळेपाशी सरपोतदारकाका उभे होते. ते तिथूनच ओरडले, "अहो, मला नात झाली! आम्हाला सोयर आहे! मी देवळाला कळवलंय!"

"मी कागद बदलला की!" भार्गवरावांचा आवाज चिरकला. "वहिनी, तुमच्या नावावर सप्तमी लावली. तुम्हाला पाठवला. तुम्ही हात जोडलेत!"

"हात जोडले हो. कागद कुठे उघडला? आमच्या फोनवर तो उघडतच नाही. पहिला तेवढा ह्यांनी दुकानातून छापून आणला, तोच फ्रिजवर चिकटवलाय."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला? तुम्ही रागावता!"

भार्गवरावांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. देव जेवायचा थांबला होता. इतक्या पिढ्यांत न चुकलेला नैवेद्य, तो यांच्या देखण्या कागदाने चुकणार! आता स्नानं करून, सोवळं नेसून स्वयंपाक कोण करणार, कधी करणार? आणि नैवेद्य तर दिवस कलायच्या आत दाखवायचा!

तेव्हा कुमुदअक्का उठली. "भार्गवा, सोवळ्यात कोण आहे?"

"मी."

"देवळाच्या स्वयंपाकघरात तांदूळ आहेत. शिजव."

"अक्का, मला चहासुद्धा येत नाही!"

"मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. सांगेन तसं कर. आधी तांदूळ धू. पाणी घाल, बोटाचं एक पेर बुडेल इतकं."

"कोणतं बोट?"

"ज्या बोटाने ते भारी सॉफ्टवेअर चालवतोस ना, ते!"

भात झाला. खालून करपलेला, वरून गिचका. त्यावर तूप, मीठ, लिंबाची फोड. दिवस कलायच्या आत घंटा वाजली! नैवेद्य चुकला नाही. भार्गवराव डोळे पुसत बाहेर आले. म्हणाले, धूर फार होता. मंडळी, शेगडी गॅसची होती!

पायरीवर बसून ते म्हणाले, "अक्का, विकतचं घेऊन चुकलोच म्हणायचं."

"मुळीच नाही. उत्सवाची पत्रिका त्याच्यावरच कर, तुझ्यासारखी सजावट कोणाला जमणार आहे? दहाही घरांनी तेच घेतलं असतं, तर पाळ्यांनाही ते चाललं असतं. पण पाळ्यांचा कागद तुझ्या एकट्याचा नाही रे. तो दहा घरांत उघडायला हवा, दहा घरांना बदलता यायला हवा, आणि बदल तुझ्यासकट सगळ्यांना दिसायला हवा."

"आणि फुकटवाल्याने उद्या गाशा गुंडाळला तर?"

"म्हणून एक प्रत आपल्या संगणकात उतरवून ठेवायची. फुकट दिलं तरी घर परक्याचंच. कुणाच्या घरी काय दुखणं, काय कलह, ते तिथे लिहायचं नाही. पाळी लिही आणि बाहेर ये."

भार्गवरावांनी तिथेच नवा कागद केला. तोरण नाही, देवाचा फोटो नाही. दुवा धाडला. आणि पहिल्यांदाच प्रत्येकाला फोन करून विचारलं, "उघडला का? रागावत नाही, सांगा."

तर मंडळी, थोर काय? ज्याच्यासाठी केलं त्याच्या हातात जे उघडतं, ते थोर! मग मोल द्या, नाहीतर फुकट घ्या. तुम्ही मुलांना सल्ले पाठवता, सुनांना पाककृती पाठवता, भावाला जमिनीचे कागद पाठवता, आणि 'मी पाठवलं' म्हणून हात झटकता. पाठवलं म्हणजे पोहोचलं का हो? विचारलंत कधी? की तुमच्याही रागाला भिऊन सगळे गप्प आहेत?

विचार करा. आणि आता आरतीला उभे राहा. कोणीतरी मला तोंडाने सांगा पाहू, आज आपल्या देवाचा नैवेद्य कोणाकडून यायचा आहे?

...का हो? सगळे एकमेकांकडे काय बघता?